काचेमागची लिंक

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही सहलीच्या फोटोंची लिंक पाठवलीत. मी जेवणं आटोपून, ओटा पुसून, चष्म्याच्या काचा साफ करून निवांत बघायला बसले, तर ती उघडेना. विचारलं तेव्हा दोघांनीही एकाच सुरात सांगितलं, "आजी, ती एक्स्पायर झाली. तुला लगेच बघायला सांगितलं होतं ना?" तुमच्या बोलण्यात थोडी कीव होती. म्हाताऱ्या माणसाला हे काही कळायचं नाही, अशी. त्या किवेचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

जी लगेच बघावी लागते ती लिंक दुसऱ्याला देण्याच्या लायकीची नसते. हे मी काही आज म्हणत नाही. धारवाडातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते तेव्हा, तुम्ही जन्मायच्याही आधी, मी हे नावामागे लांबलचक पदव्या लावणाऱ्या माणसांना सांगत होते. बहुतेकांना ते कळलं नाही. एखादी गोष्ट न कळणं चालतं. पण आपल्याला न कळलेलं दुसऱ्याच्या माथी मारायचं आणि वर त्याच्याकडूनच माफी लिहून मागायची, ही जी तऱ्हा मी तिथे पाहिली, तिचा मला अजून राग येतो. तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

आमच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर नव्वदच्या दशकात आला. त्याला लगेच स्वतंत्र खोली, जाड पडदे आणि एसी मिळाला. ग्रंथालयातल्या वाचायच्या टेबलावर एक पंखा बसवून घ्यायला मला त्याआधी किती अर्ज करावे लागले होते, ते तुमच्या आजोबांना पाठ होतं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही. मुलांना तो दारातूनच दाखवत. "झालं का दर्शन?" असं आजोबा मला घरी आल्यावर विचारत. ते हुबळीच्या कोर्टात वकिली करत, आणि त्यांची थट्टा नेहमी गंभीर चेहऱ्याने केलेली असे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली तेव्हा ते दैवत ग्रंथालयात आलं. परदेशी नियतकालिकं कागदावर मागवणं कॉलेजला परवडेना, त्याऐवजी एका योजनेतून ती कॉम्प्युटरवर वाचायची सोय झाली. उद्घाटनाच्या दिवशी प्राचार्यांनी माउसला कुंकू लावलं, पाहुण्यांनी त्यावर बोट ठेवलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. तो फोटो पुढे कित्येक वर्षं कार्यालयात लावलेला होता. त्यात पडदा काळा दिसतो, कारण कॉम्प्युटर सुरू करायचा राहून गेला होता.

या सोयीचं काम शिकायला मला बेंगळुरूला पाठवलं, म्हणजे दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. तिथे एका तरुण मुलीने आम्हा पिकल्या केसांच्या ग्रंथपालांना जे समजावलं ते मी एका बैठकीत शिकले, कारण त्यात अवघड काही नव्हतं. तुम्हीही शिकून ठेवा. डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलं की कंपाउंडर नंबराचा पितळी बिल्ला हातात देतो. तो त्या दिवसापुरता, आणि तुमच्यापुरता. आजचा बिल्ला शेजारणीला देऊन तिला उद्या पाठवलंत, तर कंपाउंडर तिला आत सोडणार नाही. नियतकालिकांच्या संग्रहात शिरल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता दिसे, त्यात असाच त्या वेळेचा बिल्ला मिसळलेला असे. तुम्ही बाहेर पडलात की तो रद्द. लेखाचा कायमचा पत्ता वेगळा आणि आखूड. तो त्याच पानावर, लेखाच्या नावाखाली बारीक अक्षरांत दिलेला असे. विद्यार्थ्यांना द्यायचा तो हा. कॉलेजबाहेरून उघडला तर कॉलेजचं नाव आणि पासवर्ड विचारी, तेवढं दिलं की लेख समोर. आज उघडे, पुढच्या वर्षीही उघडे.

मी परत येऊन हे सगळं एका पानात, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, टाइप करून प्रत्येक विभागाला पाठवलं. एका विभागात त्या पानावर चहाचा कप ठेवलेला पाहिला. दुसऱ्या विभागाने त्यावर "नोंद घेतली" असा शिक्का मारून ते मलाच परत पाठवलं. प्राध्यापकांना वाचनाची गोडी लावा, असं कुणी ग्रंथपालाला सांगत नाही, म्हणून मी ते काम कधी अंगावर घेतलं नाही.

आता इतिहासाचे विभागप्रमुख. या गृहस्थांची बोलण्याची पद्धत अशी, की साधी वेळ विचारली तरी आधी घसा साफ करत. त्यांनी आपल्या खोलीत स्वतंत्र कॉम्प्युटर मिळवला होता. मी ग्रंथालयासाठी मागितलेला मोठ्या बॅटरीचा यूपीएसही त्यांच्याच खोलीत गेला, त्यामुळे गावात वीज गेली तरी त्यांचा कॉम्प्युटर चालू राही. तो ते कधी बंदच करत नसत. संध्याकाळी निघताना त्यावर हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून आणलेल्या मखमली कापडाचं झाकण घालत, आणि आत तो बिचारा रात्रभर गुरगुरत बसे. बंद केला तर परत सुरू कसा करायचा, याची त्यांना धास्ती होती असं मला वाटे. त्यांनी तसं कधी कबूल केलं नाही.

त्या वर्षी गणपती झाल्यावर त्यांना कोणीतरी आमच्या भागातल्या जुन्या कापूसबाजारांवरचा एक लेख काढून दिला. लेख खरंच चांगला होता. बीएच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तो वाचून सेमिनार द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. इथपर्यंत मी त्यांना दोष देत नाही. मग त्यांनी कारकुनाला बोलावून पडद्यावरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कागदावर टाइप करून घेतला. चार ओळी भरल्या. त्यात टक्क्याची चिन्हं, प्रश्नचिन्हं, मधेच मोठी मधेच लहान अक्षरं. त्याखाली सही, विभागाचा गोल शिक्का, आणि तो कागद सूचनाफलकाच्या काचेमागे कुलपात.

मुलं काचेला नाक लावून तो उतरवून घेत. काहींनी वहीत, काहींनी तळहातावर. "अरे तो शून्य आहे की ओ?" "शून्य कसं असेल, पोट बघ की त्याचं." "तू तुझ्या पोटाचं बघ." असा संवाद मी जाता-येता ऐकला. आणि एवढं करून शून्य लिहिलं काय आणि ओ लिहिला काय, त्या पत्त्याने काहीच उघडणार नव्हतं.

मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले.

"सर, काचेत लावलीत ती लिंक वरच्या पट्टीतली आहे. मुलांकडे उघडणार नाही."

"माझ्याकडे उघडते की," ते म्हणाले, आणि पडद्याकडे बोट केलं. लेख समोर होताच.

"तुमच्याकडे ती उघडलेलीच आहे. एकदा बंद करून परत उघडून बघा."

त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? तुम्ही पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवा. मुलांनी काय वाचायचं ते आम्ही बघतो."

मी नंबर चिकटवायला परत गेले.

त्या वर्गात धारवाडजवळच्या कलघटगी गावची एक मुलगी होती. वडील तिथल्या बाजारात शिंपीकाम करत, शाळेचे गणवेश शिवत. घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि अभ्यासाला जे मिळेल ते इंग्रजी, अशी तिची भाषा. रोज बसने ये-जा. ग्रंथालयातले कॉम्प्युटर दुपारनंतर, तेही अर्ज दिल्यावरच मिळत, आणि तिची बस त्याआधी निघे. म्हणून ती गावातल्या सायबर कॅफेत जाऊन वाची. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा तो चार ओळींचा पत्ता तिने चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अक्षर, असा उतरवलेला होता. इतकी नेटकी नक्कल मी आमच्या कार्यालयातही पाहिली नव्हती.

"मॅडम, हे कलघटगीत उघडत नाही. अक्षर चुकलं असेल म्हणून परत येऊन काचेशी ताडून बघितलं. चुकलेलं नाही."

"अक्षर चुकलेलं नाही, पत्ताच चुकीचा आहे," मी सांगितलं, आणि लेखाचा कायमचा पत्ता एका ओळीत लिहून दिला, कॉलेजचा पासवर्डही सांगितला. तिने तो बघितला, मग आपल्या भरलेल्या चौकटी बघितल्या.

"एवढासाच?"

"एवढासाच."

त्याच आठवड्यात ती परत आली. लेख वाचून झाला होता. "मॅडम, शेवटच्या पानावर आमच्या कलघटगीच्या बाजाराचं नाव आहे," ती म्हणाली. हसणारी मुलगी नव्हती ती, पण तेव्हा चेहरा उजळला होता. मी तिला म्हटलं, वर्गात सांग. माझा सल्ला योग्य होता, हे आजही म्हणते. सल्ला ऐकणारे योग्य नव्हते.

वर्गात विभागप्रमुखांनी विचारलं, "सगळ्यांनी लेख वाचला?" सगळे म्हणाले, "होय सर." सगळ्यांनी बाजारातल्या गाईडमधून सेमिनार उतरवला होता. ही एकटी उभी राहिली. "सर, काचेतली लिंक उघडत नाही. ग्रंथालयातून मिळाली ती उघडते. ती लावली तर सगळ्यांना वाचता येईल."

त्यांनी एकेकाला उठवून विचारलं, "तुला उघडली?" आणि एकेक जण उठून म्हणाला, उघडली. पुढच्या बाकावरचा तर म्हणाला, "लगेच उघडली, सर." हा मुलगा पुढे मोठ्या हुद्द्यावर गेला असं कळलं, आणि मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. वर्ग सुटल्यावर हाच माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, ती दुसरी लिंक जरा मलाही द्या की."

"का? तुझी तर लगेच उघडली."

मी लिंक दिली. ग्रंथालय भेकडांसाठीही असतं. पण आधी कार्ड दाखवायला लावलं, आणि रांगेच्या शेवटी उभं केलं.

विभागप्रमुखांनी त्या मुलीला खोलीत बोलावून माफीपत्र मागितलं. तुम्ही शिकता त्या देशात ही वस्तू असते की नाही, मला माहीत नाही. आमच्याकडे कॉलेजात मुलाने काहीही केलं, किंवा काहीही केलं नाही, तरी शेवट माफीपत्राने होतो. त्यांनी मजकूरही सांगितला: विभागाने दिलेली लिंक बरोबर होती, मी लेख वाचण्याचा कंटाळा करून वर्गात खोटं बोलले, पुन्हा असं करणार नाही. हे लिहून दिल्याशिवाय तिच्या परीक्षेच्या फॉर्मवर सही करणार नाही, असंही सांगितलं. सही नाही तर हॉल तिकीट नाही, हॉल तिकीट नाही तर परीक्षा नाही. फॉर्मची मुदत दसऱ्यानंतर लगेच संपत होती.

"मी लेख वाचलाय, सर," ती म्हणाली. "विचारा काहीही."

त्यांनी काही विचारलं नाही. विचारायला त्यांनी तो वाचलेला असायला हवा होता.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. खांद्यावर मापाचा टेप तसाच लटकलेला, दुकानातून उठून आल्यासारखे. मुलगी मागे उभी.

"अक्का, तुम्ही सांगा हिला," ते मला म्हणाले. "एक ओळ लिहायची. कच्चा टाका आहे तो. आज घालायचा, परीक्षा झाली की उसवून टाकायचा."

मी विचारलं, "तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाने माप चुकीचं सांगितलं आणि शर्ट तोकडा झाला, तर चूक तुमची म्हणून लिहून देता?"

"देतो की, अक्का. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून रोजच देतो."

"म्हणून तर अप्पा, गावातले सगळे तोकडे शर्ट तुमच्या नावावर आहेत," मुलगी मागून म्हणाली.

त्यांना हसू आलं आणि ते लपवायला त्यांनी टेप गुंडाळायला घेतला. मग हसू गेलं. "वर्ष जाईल तुझं, पोरी. त्या माणसाचं काय जाणार?"

"खोटं बोलले असं माझ्या हाताने नाही लिहायची."

मी तिला समजावलं नाही. समजावावं असं त्यात काही नव्हतं. मी प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्य स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना फक्त शांतता आवडे, आणि ती कुणाच्या खर्चाने मिळते हे विचारायची सवय नव्हती. "मॅडम, एका लिंकचं एवढं काय घेऊन बसलात? तपासणी समिती यायची आहे. विभागाची इज्जत आहे."

"त्या मुलीने खोटं काय सांगितलं, ते तरी सांगा."

"खरं-खोटं नंतर बघू." त्यांनी पेन टेबलावर वाजवलं आणि चेहरा एकदम मोकळा झाला. "असं करा. तुम्हीच लिहून द्या. ग्रंथालयातल्या तांत्रिक अडचणीमुळे गैरसमज झाला. म्हणजे त्यांचंही राहतं, पोरीचंही सुटतं."

"ग्रंथालयात अडचण नव्हती."

"नव्हती हो. पण लिहायला काय जातं?"

पाहिलंत? शिंप्याने आणि प्राचार्यांनी एकच सांगितलं. शिंपी निदान आपल्या मुलीसाठी सांगत होता.

तरी मी त्या मुलीला विचारलं, कारण वर्ष तिचं जाणार होतं, माझं नाही. मी लिहून दिलं तर तुझं काम होईल, असं स्पष्ट सांगितलं. तिने थोडा विचार केला. "नको मॅडम. मग काचेत तीच लिंक राहील. पुढच्या वर्षीची मुलं परत चौकटी भरत बसतील."

मी प्राचार्यांना नकार कळवला. त्यांनी उसासा टाकला आणि म्हणाले, दसऱ्यानंतर सगळे विभागप्रमुखांच्या खोलीत बसू, समोरासमोर काय ते होऊन जाऊ दे. विभागप्रमुख आनंदाने कबूल झाले. त्यांच्या पडद्यावर लेख उघडाच होता. पोरीच्या बापाला तो दाखवायचा, की संपलं.

मला काळजी वाटली हे खरं. त्यांच्या पडद्यावर लेख दिसणार, आणि तो केव्हापासून उघडा आहे हे मी कितीही सांगितलं तरी त्या खोलीत कुणाला समजणार? आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "साक्षीदार बोलत नाही तोवर वस्तू बोलते. आणि वस्तू त्यांच्या बाजूची आहे."

मग खंडेनवमी आली.

तुम्ही इथली खंडेनवमी पाहिलेली नाही. आमच्या भागात त्या दिवशी शस्त्रांची पूजा, आणि शस्त्र म्हणजे ज्यावर पोट चालतं ते सगळं. बस, रिक्षा, शिलाईयंत्र, तराजू, कॉलेजातलं प्रयोगशाळेचं सामान, घंटा, आणि आता कॉम्प्युटर. शिपाई आदल्या दिवसापासून पुसपास करतो. पूजेच्या वेळी सगळी यंत्रं थांबवायची, त्या दिवशी त्यांना विश्रांती. दाराशी कोहळा फोडायचा, चुरमुरे आणि केळी वाटायची.

आमचा शिपाई पूजेचं ताट घेऊन खोलीखोलीतून फिरत होता आणि मागून आम्ही सगळे. इतिहास विभागात विभागप्रमुख नवी शाल घेऊन उभे होते, छायाचित्रकाराकडे तोंड करून. त्यांनी स्वतःच्या हाताने मखमली झाकण काढलं. कॉम्प्युटर चालू होता. लेख पडद्यावर होता.

शिपाई थबकला. "सर, चालू मशीनची पूजा करत नाहीत. बंद करू?"

"कर, कर," ते म्हणाले आणि शाल सारखी केली.

शिपायाने खाली वाकून यूपीएसचं बटण दाबलं, वर पिनही काढून ठेवली. गुरगुर थांबली. पडदा काळा झाला. मग त्यावर विभूतीचे पट्टे, मधे कुंकू, वर झेंडूची माळ. विभागप्रमुखांनी हात जोडून फोटो काढून घेतला.

मी दारात उभी होते, हातात चुरमुऱ्यांचा पुडा. एकेक चुरमुरा तोंडात टाकत राहिले. संध्याकाळी आजोबांनी विचारलं, "आज खुशीत दिसतेस?" मी म्हटलं, पूजा फार छान झाली.

दसऱ्यानंतर आम्ही त्या खोलीत जमलो. प्राचार्य, मी, ती मुलगी, तिचे वडील. खुर्च्या कमी होत्या म्हणून वडील उभेच राहिले. टेबलावर माफीपत्राचा कोरा कागद आणि पेन तयार ठेवलेलं होतं. मुलीने ते पाहिलं आणि हात मागे घेतले.

"आता बघा," विभागप्रमुख म्हणाले. माळ काढली, शिपायाकडून पिन परत लावून घेतली, बटण दाबलं. बराच वेळ कॉम्प्युटर स्वतःशीच काही करत राहिला. मग निळा पडदा आला, आणि त्यावर लेख नव्हता. त्यांनी माउस हलवला. परत हलवला. आपल्या घरी येऊन आपलंच घर ओळखू येऊ नये, तसे ते बघत होते.

"लेख कुठे गेला?" प्राचार्यांनी विचारलं.

"आहे, आहे. लिंक घातली की येईल."

लिंक अर्थातच त्यांना ठाऊक नव्हती. काचेची किल्ली मागवली, कागद आणला, कारकुनाला बसवलं. त्याने चार ओळी टाइप केल्या. चुकल्या. परत केल्या. या वेळी एकही अक्षर चुकलं नव्हतं, मी खांद्यावरून बघत होते. पान पांढरं झालं आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली. कारकुनाने ती मोठ्याने वाचली, कारण त्याला वाटलं तेच अपेक्षित आहे: युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड.

"आत विभूती गेली असणार," विभागप्रमुख म्हणाले.

"मी समोरून लावली, सर," शिपाई दारातून म्हणाला. "आत कशी जाईल?"

"मग इंटरनेटचं काहीतरी असेल."

"मी बघू?" मी विचारलं. कारकून उठला. मी ती एक ओळ टाइप केली. लेख आला. पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर गेले आणि खुर्ची बाजूला सरकवली, त्या मुलीला दिसावं म्हणून.

तिने विभागप्रमुखांकडे बघितलंसुद्धा नाही. "अप्पा, इकडे या," ती म्हणाली. "हे बघा. आपला बाजार."

ते वाकले. इंग्रजी त्यांना जेमतेम लागत असावं. तिने बोट ठेवलं तिथे ते बराच वेळ बघत राहिले. "आपल्या बाजाराचं नाव इथपर्यंत कुणी आणलं?" ते म्हणाले. हा त्या खोलीत त्या दिवशी विचारलेला इतिहासाचा एकमेव प्रश्न होता, आणि तो शिंप्याने विचारला. विभागप्रमुख झेंडूच्या पाकळ्या गोळा करत होते.

मग वडील सरळ उभे राहिले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "सर, माप तुमचंच चुकलं की."

प्राचार्यांनी कोरा कागद उचलून खणात टाकला. विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "फॉर्म आण," ते म्हणाले, मुलीकडे न बघता. तिने फॉर्म पुढे ठेवला. त्यांनी सही केली. चुकलो, असा शब्द नाही. त्यांच्याकडून कुणी माफीपत्र मागितलं नाही. मागायला हवं होतं असं मला वाटलं, पण ज्यांनी मागायचं ते प्राचार्य भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढची सुट्टी बघत होते.

तिने सेमिनार दिला. मी ऐकायला गेले, मागच्या बाकावर बसले. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण कापसाच्या गाड्या कुठून कुठे जात आणि वाटेत कुठे थांबत, ते ती फळ्यावर काढून सांगत होती. पुढच्या बाकावरचा तो मुलगा भराभर उतरवून घेत होता.

काचेमागे नवा कागद लागला. माझी एक ओळ, खाली विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का, जणू ती त्यांनीच शोधून काढली होती. त्याला मी हरकत घेतली नाही. लिंक उघडत होती, सही कुणाची का असेना.

आता त्या सगळ्या प्रकरणातून विभागप्रमुख काय शिकले, ते सांगते. त्यांनी शिपायाला लेखी सूचना काढली: यापुढे इतिहास विभागातील कॉम्प्युटर पूजेसाठी बंद करू नये. पुढच्या खंडेनवमीला तो चालूच ठेवून त्याची पूजा झाली. शिपायाने विभूती लावली तेव्हा मागे काहीतरी उघडलेलं दिसत होतं, आणि शाल पांघरून ते त्याच्या शेजारी उभे होते. माणसाला आपली चूक दाखवली की तो ती सुधारतो, असं तुम्हाला शाळेत शिकवत असतील. ती पुन्हा उघडी पडणार नाही याची सोय करणारेच मी जास्त पाहिले.

मी निवृत्त झाले तेव्हा ती मुलगी बीएड करत होती. नंतर कुठे गेली मला माहीत नाही, आणि शोधून काढायची गरज मला वाटली नाही. तिचं वर्ष गेलं नाही, आणि ती ओळ तिने लिहिली नाही.

आज सकाळी हे लिहायला बसण्यापूर्वी मी ती जुनी एका ओळीची लिंक घालून पाहिली. इतक्या वर्षांनी. लेखाचं नाव आलं, लेखकाचं नाव आलं, पुढे पासवर्ड विचारला. तो आता माझ्याकडे नाही, असण्याचं कारणही नाही. पण दार होतं तिथेच होतं.

तेव्हा सहलीचे फोटो परत पाठवा. मला धावत येऊन बघावे लागणार नाहीत, असे पाठवा. कसे, ते तुम्ही शोधून काढा. तुम्हाला कॉम्प्युटर येतो.